ग्रान्यानो : वाऱ्यावर वाळणाऱ्या पास्त्याचे गाव

नेपल्स शहरातून दक्षिणेकडे निघाले, की समुद्र उजव्या हाताला आणि व्हेसुव्हियसचा ज्वालामुखी डाव्या हाताला राहतो. सुमारे तीस किलोमीटरवर कास्तेल्लामारे हे बंदर लागते. तेथे रस्ता समुद्राकडे पाठ फिरवतो, चढू लागतो आणि थोड्याच वेळात लात्तारी पर्वताच्या पायथ्याशी वसलेले ग्रान्यानो हे गाव दिसते. लात्तारी या नावाचा संबंध दुधाशी आहे. या उतारांवर चरणाऱ्या गुरांच्या दुधाची ख्याती रोमन काळापासूनची. ग्रान्यानोची स्वतःची ख्याती मात्र दोनच वस्तूंवर उभी राहिली : गव्हाचा रवा आणि डोंगराचे पाणी. या दोहोंतून जो वाळवणाचा पदार्थ तयार होतो, त्याला जग पास्ता म्हणून ओळखते.

मुंबई-पुण्याच्या घरांत पास्ता आता नवा राहिलेला नाही. मुलांच्या वाढदिवसाला तो होतो, लग्नाच्या पंगतीत त्याचे वेगळे टेबल लागते. पण मलई, चीज आणि तयार सॉस यांच्या थराखाली मूळ पदार्थ कोणता, हे सहसा कोणाच्या जिभेपर्यंत पोहोचत नाही. तो समजून घ्यायचा तर या लहान गावाची आणि त्याच्या धंद्याची कथा समजून घेणे उपयोगाचे आहे. ग्रान्यानो हे प्रथमपासून व्यापाराचे गाव आहे, आणि त्याच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला तो कोणत्याही पेढीला ओळखीचा वाटेल असा आहे.

गावाच्या वरच्या अंगाला एक अरुंद दरी आहे. तिला ‘गिरण्यांची दरी’ असेच म्हणतात. डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्याच्या जोरावर मध्ययुगापासून येथे पाणचक्क्या फिरत होत्या. आज त्यांच्या दगडी भिंतींवर वेली चढल्या आहेत. पण शतकानुशतके परिसराचे धान्य येथे दळले जाई आणि पीठ नेपल्सच्या बाजारात जाई.

त्या काळी नेपल्सच्या सामान्य माणसाचे जेवण म्हणजे मुख्यतः कोबी आणि पालेभाज्या. इतर प्रांतांतील लोक त्यांना ‘पाने खाणारे’ म्हणून चिडवीत. सतराव्या शतकात शहराची लोकसंख्या वाढली, इतर अन्न महागले, आणि त्याच सुमारास कणीक मळण्याची व ती साच्यातून दाबून काढण्याची यंत्रे सुधारली. पास्ता स्वस्त झाला. बघता बघता पाने खाणारे ‘मॅकरोनी खाणारे’ ठरले. वाळवलेला पास्ता टिकाऊ होता. तो बोटीत भरता येई, कोठारात ठेवता येई. व्यापाऱ्याला हवा असतो तसाच हा माल होता.

ग्रान्यानोत त्या वेळी रेशमाचाही धंदा चालत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस रेशमाच्या किड्यांवर रोग पडला, तो धंदा बसला आणि गावाने आपली सारी शक्ती गव्हाकडे वळवली. १८४५ मध्ये नेपल्सचा राजा फर्डिनंड दुसरा याने आपल्या दरबाराला पास्ता पुरवण्याचा मान ग्रान्यानोच्या उत्पादकांना दिला. पुढे गावापर्यंत लोहमार्ग आला. तो मुख्यतः गहू आणि पास्ता यांच्या वाहतुकीसाठी होता. गावातील बहुसंख्य कुटुंबांचा चरितार्थ आता या एका पदार्थावर चालू लागला.

जुनी छायाचित्रे पाहिली, की या धंद्याचे रूप डोळ्यांपुढे उभे राहते. गावाचा मुख्य रस्ता, व्हिया रोमा, दोन्ही बाजूंनी घोड्यांसारख्या लाकडी स्टँडांनी भरलेला आहे. त्यांवर आडव्या काठ्या आहेत आणि काठ्यांवर शेकडो लांब धाग्यांचा पास्ता पडद्यासारखा लोंबतो आहे. रस्ता हेच वाळवणाचे अंगण होते. समुद्राकडून येणारा दमट वारा आणि डोंगरावरून उतरणारी कोरडी झुळूक या गावात आलटून पालटून वाहतात. हीच ग्रान्यानोची खरी संपत्ती होती.

वाळवण्याचे काम वाटते तितके सोपे नव्हते. त्याच्या तीन अवस्था असत. पहिल्या अवस्थेत ओला पास्ता वाऱ्यावर ठेवून त्याचा फक्त वरचा पापुद्रा सुकवला जाई. कागदासारखे आवरण चढते म्हणून या क्रियेचे नावही कागदावरूनच पडले होते. मग तो माल थंड, ओलसर तळघरात नेऊन स्वस्थ ठेवत. या विश्रांतीत आतला ओलावा हळूहळू बाहेर येई आणि सुकलेला पापुद्रा पुन्हा मऊ पडे. त्यानंतर तिसरी, अखेरची वाळवण. ऋतू आणि आकार यांनुसार हे काम कित्येक दिवस चाले. घाई केली, तर बाहेरची बाजू आकसे, आतली ओली राही, आणि धाग्याला केसासारखी बारीक चीर जाई. असा पास्ता दिसायला चांगला, पण उकळत्या पाण्यात पडताच तुटणारा. म्हणून मळण्याच्या कामापेक्षा वाळवणाच्या कारागिराला अधिक मान होता. वारा कोणत्या दिशेचा आहे हे पाहून माल बाहेर काढायचा की आत घ्यायचा, हे तो ठरवी. त्याच्या एका चुकीने दिवसाचे सारे भांडवल वाया जाई.

महाराष्ट्रातील गृहिणीला यातले काहीच परके वाटणार नाही. पास्ता ज्या गव्हाचा होतो तो ड्युरम, म्हणजेच महाराष्ट्रात बन्सी किंवा बक्षी नावाने ओळखला जाणारा कठीण दाण्याचा गहू. शेवयांसाठी याच गव्हाचा रवा उत्तम मानला जातो. उन्हाळ्यात काठीवर किंवा खाटेवर टाकलेल्या शेवया आणि व्हिया रोमावर लोंबणारा पास्ता ही एकाच शहाणपणाची दोन रूपे आहेत : धान्य हाती आहे तोवर ते वाळवून ठेवावे आणि वर्षभर निश्चिंत असावे. त्या शहाणपणाला धंद्याचे रूप देऊन साता समुद्रांपार पोहोचवणे, हे ग्रान्यानोचे वैशिष्ट्य.

विसाव्या शतकात या गावावर संकटे एकामागून एक आली. सर्वांत चांगला ड्युरम गहू रशियातील टागानरोग बंदरातून येत असे; त्याच्या बोटी शेजारच्या तोर्रे आनुन्झियाता बंदराला लागत. पहिले महायुद्ध आणि १९१७ ची रशियन क्रांती यांनी तो पुरवठा तोडला. त्यानंतर यंत्रे आली. कृत्रिम उष्णतेने वाळवण करता येऊ लागली, तेव्हा समुद्राचा वारा आणि डोंगराची झुळूक यांची मक्तेदारी संपली. धुक्याच्या प्रदेशातही आता पास्ता वाळवता येत होता. १९३३ मध्ये पार्मा शहरातील ब्राइबांती बंधूंनी असे यंत्र तयार केले, की एका टोकाला रवा आणि पाणी घालावे आणि दुसऱ्या टोकाला अखंड पास्ता बाहेर यावा. उत्तर इटलीत प्रचंड कारखाने उभे राहिले. पुढे वाळवणाचे तापमान आणखी वाढवण्यात आले आणि जे काम पूर्वी कित्येक दिवसांचे होते ते काही तासांत होऊ लागले.

या घाईचा एक परिणाम व्यापारी वाचकाने मुद्दाम लक्षात घेण्यासारखा आहे. चढ्या उष्णतेत गव्हातील प्रथिने घट्ट आवळली जातात. त्यामुळे हलक्या प्रतीचा गहूसुद्धा शिजताना तग धरतो. म्हणजे वेग हा केवळ वेळ वाचवत नाही; तो मालातील उणीवही झाकतो. सावकाश वाळवलेल्या पास्त्याला ही सोय नाही. त्याचा गहू मुळातच चांगला असावा लागतो, कारण पातेल्यात त्याची परीक्षा उघडपणे होते.

ग्रान्यानोतील पेढ्यांपुढे दोनच मार्ग होते. उत्तरेसारखा माल करायचा आणि उत्तरेच्या भावाशी झुंजायचे, किंवा जुन्या रीतीने चालायचे आणि गिऱ्हाईक टिकेल की नाही या चिंतेत राहायचे. बहुतेकांना दोन्ही जमले नाही. पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या पेढ्यांची दारे बंद झाली. १९८० च्या भूकंपानेही या प्रदेशाचे मोठे नुकसान केले. ज्या टिकल्या, त्यांनी आपला सावकाशपणा हाच आपला माल मानला. २०१३ मध्ये युरोपीय संघाने ‘पास्ता दि ग्रान्यानो’ या नावाला भौगोलिक मानांकनाचे संरक्षण दिले. त्याचे नियम मोजके आहेत. ड्युरम गव्हाचा रवा आणि स्थानिक पाणी, एवढाच कच्चा माल, साचा ब्राँझचा, आणि वाळवण चाळीस ते ऐंशी अंश तापमानात, आकारानुसार सहा ते साठ तास. ब्राँझच्या साच्यातून निघालेला पास्ता खरखरीत असतो. टेफ्लॉनच्या साच्यातून माल झपाट्याने निघतो, गुळगुळीत आणि चकचकीत दिसतो. पण त्या काचेसारख्या पृष्ठभागावरून रस्सा घसरून ताटाच्या तळाशी साचतो.

या पास्त्याला साजेसा जोडीदार याच परिसरात, जवळच पिकतो. तो म्हणजे टोमॅटो. इटलीच्या जेवणाशी आज एकरूप झालेले हे फळ मूळचे अमेरिकेतले. ते सोळाव्या शतकात इटलीत आले, पण स्वयंपाकघरात रुळायला फार वेळ लागला. सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात अंतोनियो लातिनी याने नेपल्समध्ये प्रसिद्ध केलेल्या पाकग्रंथात ‘स्पॅनिश पद्धतीचा’ टोमॅटोचा रस्सा दिला आहे. त्यात पास्त्याचा पत्ताही नाही. नेपल्सच्या रस्त्यांवर तेव्हा पास्ता विकला जाई तो नुसत्या किसलेल्या चीजबरोबर. शेवयांसारखा बारीक पास्ता आणि टोमॅटो यांची गाठ घालणारी कृती इप्पोलितो काव्हालकांती याच्या पाकग्रंथात, १८३९ च्या आवृत्तीत, नेपल्सच्या बोलीत छापली गेली. जगाला प्राचीन वाटणारी ही जोडी दोन शतकांपूर्वी नुकतीच जुळत होती.

व्हेसुव्हियसच्या पलीकडे सार्नो आणि नोचेरा या गावांच्या मधल्या मैदानात ज्वालामुखीच्या राखेने सुपीक झालेली जमीन आहे. तेथील सान मार्झानो नावाचा लांबट टोमॅटो रश्शासाठी सर्वोत्तम मानला जातो. त्यात गर भरपूर, बिया थोड्या आणि साल पातळ असते. १९९६ पासून त्याच्याही नावाला संरक्षण आहे. तो सोलून, त्याच्याच रसात डबाबंद होऊन जगभर जातो.

आता प्रत्यक्ष कृती. या प्रदेशातील घराघरांत होणारा हा पदार्थ म्हणजे स्पॅगेटी, टोमॅटो आणि बेसिल. बेसिल ही तुळशीच्याच कुळातील वनस्पती. तिचा सुगंध गोडसर. चार माणसांसाठी ३२० ग्रॅम स्पॅगेटी, ८०० ग्रॅम पिकलेले टोमॅटो, चार मोठे चमचे ऑलिव्ह तेल, मीठ आणि बेसिलची दहा-बारा पाने घ्यावीत. पाण्याचा हिशेब इटालियन गृहिणींच्या तोंडपाठ असतो : शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ. पाणी कमी पडले तर पास्ता चिकटतो. मीठ मागाहून घातले तर ते वरवर राहते, आत मुरत नाही.

टोमॅटोंना खाली फुलीसारखी चीर देऊन ते अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात आणि लगेच गार पाण्यात टाकावेत; साल सहज सुटते. मग ते हाताने कुस्करावेत. पसरट कढईत तेल मंद आचेवर कोमट करून त्यात हा गर, थोडे मीठ आणि बेसिलचा एक देठ घालून पंधरा-वीस मिनिटे शिजू द्यावे. पाणी आटते आणि तेल कडेने सुटू लागते, ही रस्सा झाल्याची खूण. टोमॅटो फार आंबट असतील, तर चिमूटभर साखर घालावी. नेपल्सच्या घरांतही ती घालतात.

दुसरीकडे पाणी खळखळून उकळले की मीठ घालून स्पॅगेटी सोडावी. ती मोडू नये. खालची टोके मऊ पडली की ती आपोआप पाण्यात बसते. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दोन मिनिटे आधी ती काढावी, पण पाणी फेकण्यापूर्वी एक वाटीभर बाजूला ठेवावे. काढलेल्या पास्त्यावर गार पाणी ओतू नये आणि तेलही लावू नये. तो तसाच, वाफाळता, रश्शाच्या कढईत टाकावा, त्यात राखलेले पाणी थोडे थोडे घालावे आणि मोठ्या आचेवर दोन मिनिटे हलवावे. पास्त्यातून पाण्यात उतरलेले पिष्ट तेल आणि टोमॅटो यांना एकत्र बांधते आणि पातळ वाटणारा रस्सा प्रत्येक धाग्याला लपेटून बसतो. पास्ता आतून किंचित दाताला लागला पाहिजे. तो लापशीसारखा गाळ झाला, तर सावकाश वाळवण्याचे सारे श्रम व्यर्थ जातात. आच बंद करून बेसिल हाताने तोडून घालावी, वर थोडे कच्चे तेल सोडावे आणि ताबडतोब वाढावे.

या कृतीत कांदा नाही आणि लसूणही नाही, हे चाणाक्ष गृहिणीच्या लक्षात आले असेल. ही कोणी काढून टाकलेली सामग्री नव्हे. नेपल्सच्या घरांत याबाबत कधीच एकमत नव्हते. कोणी तेलात लसणाची पाकळी परतून ती काढून टाकतात, कोणी कांदा वापरतात, तर कोणी टोमॅटोच्या चवीत दुसरे काहीही येऊ देत नाहीत. कंदमुळे वर्ज्य असलेल्या घराने ही तिसरी वाट धरली, तर मूळ पदार्थाशी ते कोणतीही तडजोड करत नाही. उपाहारगृहांत ‘जैन पास्ता’ म्हणून जे वाढले जाते, त्यात बहुधा उलट घडते. काहीतरी उणे आहे असे गृहीत धरून ती उणीव झाकण्यासाठी मलई, चीज, केचप आणि मसाले यांचा मारा होतो. जे उणे नव्हतेच ते भरून काढण्याच्या खटाटोपात टोमॅटोची चव हरवते.

चीजबाबत मात्र दक्षता आवश्यक आहे. पास्त्यावर किसले जाणारे पार्मेजानो रेज्जानो हे प्रसिद्ध चीज तयार करताना वासराच्या जठरातून काढलेले रेनेट नावाचे विकर वापरतात. त्याच्या नियमांतच तसे बंधन आहे. दुधाचा पदार्थ म्हणून ते निःशंकपणे स्वीकारणाऱ्या शाकाहारी कुटुंबांना ही गोष्ट अनेकदा ठाऊक नसते. ज्यांना चीज हवेच, त्यांनी सूक्ष्मजीवजन्य रेनेटचे, हिरव्या ठिपक्याचे चीज घ्यावे. पण ताजा टोमॅटो आणि बेसिल यांच्या या पदार्थाला त्याची गरज भासत नाही.

परदेशातून आणलेल्या किंवा भेट मिळालेल्या पाकिटावर हिरवा ठिपका नसतो, तेव्हा घटकांची यादीच वाचावी लागते. ‘सेमोला दि ग्रानो दुरो’ म्हणजे ड्युरमचा रवा. एवढेच लिहिलेले असेल तर माल निर्धोक. ‘ऊओवो’ हा शब्द दिसला तर त्यात अंडे आहे. दक्षिण इटलीचा वाळवलेला पास्ता परंपरेने रवा आणि पाणी यांचाच असतो. अंडे घालण्याची रीत प्रामुख्याने उत्तरेकडील ताज्या पास्त्याची. बाटलीबंद सॉसमध्ये कांदा आणि लसूण बहुतेक वेळा असतातच, म्हणून सोललेल्या टोमॅटोचा साधा डबा किंवा घरचा रस्सा हाच भरवशाचा.

महाराष्ट्राच्या बाजारात टोमॅटोची वाण नाही. नारायणगाव आणि पिंपळगावच्या बाजारांतून तो देशभर जातो. दूरवर न फुटता पोहोचावा म्हणून मात्र सध्याच्या संकरित जाती टणक आणि जाड सालीच्या निवडलेल्या असतात. असा टोमॅटो आणल्या दिवशी न वापरता दोन-तीन दिवस घरात उघड्यावर पिकू द्यावा आणि रस्सा थोडा अधिक वेळ आटवावा. येथेही पदार्थाची मागणी तीच आहे : वेळ.

आजच्या व्हिया रोमावर लाकडी स्टँड उरलेले नाहीत. तेथून मोटारी जातात, आणि पास्ता बंद दालनांत, मोजून दिलेल्या उष्णतेवर आणि मोजून सोडलेल्या हवेवर वाळतो. वाऱ्याकडे पाहत दारात उभा राहणारा कारागीर आता दिसत नाही. त्याने सांभाळलेली वेळेची शिस्त मात्र नियमाच्या रूपाने टिकली आहे आणि तिच्यामुळेच या गावाच्या नावाला बाजारात पत आहे.

ही पत पारखण्याची एक सोपी रीत आहे. दुकानात पास्त्याचे पाकीट घेताना त्यातील धागे उजेडात न्याहाळावेत. पृष्ठभाग पिवळाधमक आणि काचेसारखा असेल, तर तो घाईचा माल. रंग फिकट आणि अंग पिठाळ, खरखरीत असेल, तर त्याला वेळ मिळालेला आहे. दोन्हींच्या भावात फरक असतो. तो कशाबद्दल आहे हे या कथेनंतर वेगळे सांगायला नको. घरी शिजवताना दोन्ही पाकिटे एकदा शेजारी शेजारी करून पाहावीत. कोणता रस्सा धाग्यावर बसला आणि कोणता ताटात उतरला, हे घरातील लहान मूलही सांगू शकेल.